करंडीचं वजन

ओटीचं सामान परत आलं तेव्हा प्रेमलता देवापुढची समई पुसत होती.

दारात जगन्नाथ उभे होते, तिच्या लेकीचे सासरे. एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात तीच कापडी पिशवी, जी तिने दोन दिवसांपूर्वी विरारहून आगाशीला धाडली होती... हिरवी साडी, खण, तांदूळ, हळकुंड, नारळ. रेवाला सातवा लागला होता. पिशवीच्या तोंडाशी प्रेमलताने मारलेली गाठ तशीच होती. आत काय आहे हेसुद्धा कोणी पाहिलं नव्हतं.

"साड्या घरात पुष्कळ झाल्यात हो, विहीणबाई," जगन्नाथ म्हणाले आणि पुढे काही सुचेना म्हणून छत्री मिटण्यात गुंतले. छत्री आधीच मिटलेली होती.

प्रेमलताने पिशवी घेतली, देवघराच्या खालच्या फळीवर ठेवली आणि त्यांना पाणी आणून दिलं. एकतीस वर्षं आरोग्य केंद्रात नर्स म्हणून काढलेल्या बाईला चेहरा सरळ ठेवणं जमतं. तिने ते जमवलं. पण पाण्याचा पेला घेताना जगन्नाथांनी मान वर केली नाही, तेव्हा मात्र तिचे डोळे भरून आले... अपमान आपला झाला आणि ओशाळला हा भला माणूस!

जगन्नाथांची आगाशीला केळीची आणि मोगऱ्याची वाडी होती. बायको जाऊन पाच वर्षं झालेली, एकुलता मुलगा केयूर, आणि सून रेवा. सुनेला ते लेकीसारखं वागवत, म्हणजे तिच्याशी भांडतही. निघताना उंबरठ्याशी ते घुटमळले आणि एकदम म्हणाले, "घरात बाईमाणूस नाही. मला यातलं काय कळतं? तुम्ही सांगा काय बघायचं ते. मी बघतो, तुम्हाला कळवतो. तिला सांगायचं नाही."

प्रेमलताने कपाट उघडलं. बीपीचं छोटं मशीन काढलं, लघवीत बुडवून रंग बघायच्या पट्ट्यांची डबी काढली आणि दोन्ही त्यांच्या हाती देऊन सांगितलं, तुम्हीच विकत आणलं म्हणून सांगा. दर रविवारी सकाळी तीन गोष्टी कळवा : वजन, बीपी, आणि लघवीत अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, उतरतंय का. पट्टी पिवळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर त्याच क्षणी मला फोन.

"वजनकाटा आहे का घरात?"

"काटा?" जगन्नाथ पहिल्यांदा हसले. "केळी मोजायचा आहे की. शंभर किलोपर्यंत घेतो. सूनबाई त्यात सहज बसेल."

तीही हसली. आणि दार लावून घेतल्यावर, त्या न सोडलेल्या गाठीवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

* * *

दोन वर्षांपूर्वी रेवा अशीच गरोदर होती. साडेसहा महिने झाले आणि एका आठवड्यात तिचे पाय, हात, चेहरा सुजून आले. डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे यायला लागले. इस्पितळात नेईपर्यंत बीपी एकशे ऐंशीवर गेलं होतं आणि लघवीतून भसाभस प्रथिनं जात होती. डॉक्टर कॅथरिन वर्षानुवर्षांची ओळखीची, पण त्या दिवशी तिच्या आवाजात ओळख नव्हती. ती म्हणाली, बाळ आत्ता बाहेर काढावं लागेल, ते बहुधा राहणार नाही; थांबलो तर आईला झटके येतील आणि मग दोघंही हातात राहणार नाहीत. रेवा शुद्धीत नव्हती. कागद पुढे आला आणि केयूरने त्यावर सही केली.

मुलगी झाली. अकरा तास जगली.

रेवाला जाग आली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की कोणी ठरवलं? तिची नजर आईवरून नवऱ्याकडे वळत होती. केयूर भिंतीला टेकून उभा होता, त्याचे ओठ हलत होते आणि आवाज फुटत नव्हता. ती नजर त्याच्यावर पोहोचायच्या आत प्रेमलता पुढे झाली.

"मी," ती म्हणाली. "मी सांगितलं त्यांना."

खोटं बोलायला तिला क्षणही लागला नाही. एकतीस वर्षांत तिने शेकडो बाळंतिणी पाहिल्या होत्या आणि त्यांचे संसारही. आईवरचा राग माहेरच्या उंबरठ्यावर टाकून बाई सासरी नांदू शकते. नवऱ्यावरचा राग ती कुठे नेऊन टाकणार? तो रोज शेजारच्या उशीवर असतो. केयूरने नंतर दोनदा तिचे पाय धरले, सांगून टाकतो म्हणाला. दोन्ही वेळा तिने त्याला उठवलं आणि सांगितलं, आधी तिला सावरू दे.

रेवा सावरली. आईला सोडून सावरली. "तू नर्स होतीस तिथे, आई नव्हतीस," एवढं एकच वाक्य बोलून तिने विरारची वाट बंद केली. आणि प्रेमलताला ते वाक्य जास्त लागलं, कारण त्यात थोडं खरं होतं. रेवाच्या लहानपणचे किती वाढदिवस, किती आजारपणं, दहावीच्या परीक्षेचा पहिला दिवससुद्धा तिने दुसऱ्यांच्या बाळंतपणात घालवला होता. लेक हिशेब मागत होती तो आजचा नव्हता, जुना होता.

* * *

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजे. जगन्नाथ पंप सुरू करायच्या निमित्ताने विहिरीकडे जात आणि पंपाच्या आवाजाआडून बोलत, त्यामुळे त्यांना ओरडावं लागे, आणि गुप्त ठेवायची ती बातमी शेजारच्या दोन वाड्यांना ऐकू जात असणार याची प्रेमलताला खात्री होती. वाडीतल्या माणसांशी ते आपल्या घरच्या बोलीत बोलत, पण विहिणीशी बोलताना शाळामास्तरासारखी मराठी काढत. "वजन एकोणसाठ किलो भरले. रक्तदाब एकशे अठरा, अठ्ठ्याहत्तर. पट्टी पीतवर्ण आहे."

ती पीतवर्ण वहीत उतरवून घेई आणि हसू दाबत विचारी, जेवते का? झोपते का? मग त्यांची मास्तरकी सुटे आणि खऱ्या गोष्टी बाहेर येत. सूनबाईला रात्रंदिवस सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, हवीत. काट्यावर उभी राहिली की विचारते, आप्पा, आज केळ्याला भाव काय? परवा त्यांच्याशी भांडली, कारण ते मोगऱ्याच्या कळ्या तोडायला वाकू देत नाहीत. पोटात बाळ इतकं फिरतं की ताटली ठेवली तर ती हलते, आणि तिने खरंच ठेवून दाखवली.

प्रेमलताने ती ताटली कितीदा मनात पाहिली! आपल्या लेकीचं पोट तिने डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅमने ते कसं वाढतंय हे तिला ठाऊक होतं. वहीच्या तीन रकान्यांत तिची लेक तिला भेटत होती. साडेसातच्या फोनसाठी ती सात वाजल्यापासून पेन उघडून बसे.

आठव्या रविवारी जगन्नाथ खुशीत होते. वजन सव्वाबासष्ट, मागच्या वेळेपेक्षा फक्त पाव किलो जास्त. बीपी एकशे अडतीस, नव्वद. तुम्ही म्हणालात ना चाळीसच्या आत पाहिजे, आतच आहे. पट्ट्या संपल्या, उद्या आणतो. बाकी ठीक. हिरवा चुडा मनगटाला काचतोय म्हणते, साबण लावून काढू म्हणतो.

प्रेमलताचं पेन थांबलं. गेल्या रविवारी बीपी एकशे बावीस होतं. आणि बांगड्या काचताहेत... पण वजन तर वाढलेलं नाही. सूज असती तर काट्याने सांगितलं असतं.

"आणि एक सांगायचं राहिलं," जगन्नाथ म्हणत होते, "केयूरने सुधारणा केली आहे. गुरुवारपासून बांबूच्या करंड्या बंद. प्लास्टिकचे जाड क्रेट आणलेत."

"मग काट्याचं काय केलंत?" तिने विचारलं. का विचारलं ते तिलाही उमगलं नाही.

"त्याचं काय? करंडी पाऊण किलोची होती, म्हणून सुई शून्याच्या मागे पाऊण किलोवर लावलेली असायची, म्हणजे नुसत्या केळ्यांचं वजन कळतं. क्रेट पावणेतीन किलोचा आहे. मी सुई आणखी दोन किलो मागे..."

पंपाचा आवाज चालूच राहिला. त्यांचा थांबला.

"विहीणबाई..."

"सव्वादोन किलो," प्रेमलता म्हणाली. "एका आठवड्यात. तिला बसवून ठेवा. मी येते."

* * *

डॉक्टर कॅथरिनला रिक्षातून तीन फोन लावले, तिन्ही बंद लागले. रविवार, सकाळची मिस्सा. नऊपर्यंत ती चर्चमध्ये असणार. प्रेमलताच्या मांडीवर जुनी पत्र्याची पेटी होती. निवृत्त होताना आरोग्य केंद्राने शाल-श्रीफळ दिलं होतं आणि तिने मागून घेतला होता तो हा स्पिरिटचा दिवा, दोन काचनळ्या, चिमटा आणि आम्लाची छोटी बाटली. तिच्या तरुणपणी पट्ट्या कुठे होत्या? सगळ्या गावाची लघवी तिने या दिव्यावर उकळून पाहिली होती.

दार रेवानेच उघडलं. दोन वर्षांनी समोर आलेला लेकीचा चेहरा तिने आधी आई म्हणून पाहिला की नर्स म्हणून, हे तिला पुढे कधीच सांगता आलं नाही. पापण्या जड, गाल चकाकणारे, आणि अंगठी बोटात रुतलेली.

"तू कशाला आलीस?"

"डोकं दुखतंय का?"

"चहा झाला नाही म्हणून दुखतंय." रेवा दारातून हलली नाही. "आप्पा, तुम्ही बोलावलंत हिला?"

जगन्नाथांनी मान खाली घालून सगळं सांगितलं. मशीन कोणाचं, पट्ट्या कोणाच्या, रविवारचा पंप कशासाठी. ते बोलत होते तसतसा रेवाचा चेहरा आणखी लाल होत गेला. म्हणजे या घरातही आपल्यावर तिचीच नजर होती! ती म्हणाली, चार दिवसांपूर्वी डॉक्टरांनी तपासलंय, सगळं ठीक होतं, वजन वाढलेलं नाही, मला कुठेही जायचं नाही. आणि हिच्या सांगण्यावरून तर नाहीच.

जगन्नाथ पडवीत गेले. केळ्यांच्या काट्याची कळ फिरवून त्यांनी सुई शून्यावर आणली, अगदी शून्यावर, आणि म्हणाले, "सूनबाई, एकदाच उभी राहा. माझ्यासाठी."

ती राहिली. सुई पासष्टवर जाऊन थांबली. रेवा तो आकडा बघत राहिली.

"काट्याची चूक असेल," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता.

"असेल," प्रेमलता म्हणाली. "म्हणून दुसरी परीक्षा करू. एवढी एक लघवी दे मला. काही निघालं नाही तर मी जाते, पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. हे मी देवाशपथ सांगते."

कदाचित त्या शेवटच्या वाक्यासाठीच रेवा तयार झाली.

ओट्यावर दिवा पेटला. नळी पाऊण भरून प्रेमलताने चिमट्यात धरली आणि वरचा भाग ज्योतीवर फिरवू लागली. केयूर क्रेट उतरवून आत आला आणि सासूला पाहून दारातच खिळला. नळीतलं पाणी उकळू लागलं, आणि वरच्या बाजूला, जिथे ज्योत लागत होती तिथे, हळूहळू एक पांढरा ढग धरला. प्रेमलताने बाटलीतून आम्लाचे चार थेंब टाकले. नुसते क्षार असते तर ढग विरला असता. तिने मनातल्या मनात त्या ढगाची विनवणी केली... विरू दे, मला खोटी पडू दे, आयुष्यात एकदा मला चुकू दे!

तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा गोठून राहिला.

रेवाने तो पाहिला. तिला समजावून सांगावं लागलं नाही. तिने दोन्ही हात पोटावर घेतले आणि मागे मागे सरकत भिंतीला टेकली.

"म्हणजे पुन्हा..." ती म्हणाली. "पुन्हा तू ठरवणार. पुन्हा तू सही करणार. हात नको लावूस मला. ज्या हाताने माझ्या मुलीच्या कागदावर..."

"सही माझी होती."

केयूर इतक्या हळू बोलला की क्षणभर कोणाला कळलंच नाही.

"माझी होती, रेवा. त्यांनी कागदाला हातही लावला नाही. तू विचारलंस तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि त्या 'मी' म्हणाल्या. मी दोन वर्षं त्यांच्या मागे लपून बसलोय."

रेवाने नवऱ्याकडे पाहिलं, मग आईकडे. प्रेमलताने दिवा विझवला.

"ते सगळं नंतर," ती म्हणाली. "केयूर, गाडी काढ. फाइल घे, चादर घे. व्याहीबुवा, नऊ वाजले, कॅथरिनला फोन लावा."

गाडीशी आल्यावर सवयीने ती पुढचं दार उघडू लागली. रुग्णाबरोबर ती नेहमी पुढे, ड्रायव्हरशेजारी बसत आली होती. मागून रेवाचा आवाज आला.

"आई... मागे बस."

* * *

डॉक्टर कॅथरिन चर्चच्या साडीतच धावत आली. बीपी एकशे अडुसष्ट, एकशे बारा. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन सुरू झालं आणि दुपारी ठरलं, पस्तिसावा आठवडा आहे, बाळ आता बाहेर आलेलं बरं. कागद पुढे आला. केयूर नकळत एक पाऊल मागे सरला, प्रेमलता नकळत एक पाऊल पुढे. रेवाने दोघांकडे पाहिलं आणि सलाइन लावलेला हात पुढे केला.

"पेन द्या. या वेळी सही मी करते."

मुलगी झाली. एक किलो नऊशे ग्रॅम, आणि आवाज मात्र चार किलोचा. काही दिवस काचेच्या पेटीत राहिली. कॅथरिनने बाहेर येऊन प्रेमलताला मिठी मारली, आणि आणखी दोन दिवस गेले असते तर, एवढं म्हणून वाक्य तसंच सोडून दिलं. दोघी एकाच धंद्यातल्या, पुढचं बोलायची गरज नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेवाने आईला जवळ बोलावलं. कितीतरी वेळ नुसती तिच्या पदराचा काठ बोटात गुंडाळत राहिली, लहानपणी ताप आल्यावर करायची तशी. मग म्हणाली, "का सांगितलं नाहीस?"

"तुला कोणावर तरी रागावायला हवं होतं. माझ्यावर रागावलीस तर मी कुठे जाणार होते?"

"मी काय काय बोलले तुला..."

"एकच वाक्य बोललीस. ते अगदीच खोटं नव्हतं." प्रेमलताने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले. "त्या दिवशी मी आईच होते, रेवा. पण तुझ्या दहावीच्या दिवशी नव्हते. तो राग राहू दे, तो तुझा हक्काचा आहे."

तेव्हा रेवा रडली. टाके दुखतील म्हणून तिला धड रडताही येत नव्हतं, आणि आई तिचं पोट हलक्या हाताने दाबून धरून, हळू गं, हळू, म्हणत स्वतःच रडत होती. केयूरशी दोन महिने बोलणार नाही, असं रेवाने डोळे पुसता पुसता जाहीर केलं. संध्याकाळी त्यालाच चहा आणायला सांगितला.

घरी आल्यावर ओटीची ती पिशवी पुन्हा आगाशीला गेली. गाठ रेवाने सोडली. नारळ इतका वाळला होता की हलवला की आत खोबरं खुळखुळे. बाळाने जन्मभरात ऐकलेला पहिला खुळखुळा तोच.

* * *

पाचव्या महिन्यात जगन्नाथांनी नातीची केळ्यांनी तुला केली. एका पारड्यात बांबूची जुनी करंडी आणि तीत नात, दुसऱ्यात केळी. क्रेट त्यांनी त्या दिवशी वाडीत कुठेही दिसू दिले नाहीत. आधी रिकाम्या करंडीचं वजन करून ते त्यांनी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा, आणि मग विहिणीकडे पाहून विचारलं, "बरोबर ना?"

सगळे जेवत असताना रेवा आईला आत घेऊन गेली. कपाटातून बीपीचं मशीन काढलं.

"हात दे."

"माझा कशाला?"

"तुझं शेवटचं कधी मोजलंस?"

प्रेमलताने आठवून पाहिलं. नोकरीला लागताना मोजलं होतं. त्यानंतर तिने किती दंडांना तो पट्टा गुंडाळला असेल, हजारो. स्वतःच्या दंडाला गुंडाळायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. रेवाने पट्टा बांधला, बटण दाबलं. मशीन घोंघावलं, थांबलं. एकशे शहात्तर, एकशे दोन.

"मशीन बिघडलंय," प्रेमलता म्हणाली.

"असेल," रेवा अगदी तिच्याच सुरात म्हणाली. "म्हणून उद्या कॅथरिनकडे दुसरी परीक्षा करू."

तिने आईच्या पिशवीतून ती वही काढली. आठ रविवारांची पानं उलटली, जिथे तिचं स्वतःचं वजन, तिचं बीपी, तिचा पीतवर्ण आईच्या गोल अक्षरात रांगेने उभा होता. शेवटच्या रविवारी आकडा लिहिता लिहिता पेन घसरून एक लांब रेघ उमटलेली होती. रेवा त्या रेघेवरून बोट फिरवत थोडा वेळ थांबली. मग कोरं पान काढून तिने वर लिहिलं : आई.

"दर रविवारी सकाळी," ती म्हणाली. "साडेसातला. आणि पंपामागून नाही. मी स्वतः फोन करीन."

"तू झोपलेली असतेस गं साडेसातला."

"करीन म्हटलं ना."

आणि ती करू लागली. विरारच्या दोन खोल्यांत रविवारी साडेसातला फोन वाजे, आणि प्रेमलता सात वाजल्यापासूनच दंडाला पट्टा बांधून, पेन उघडून, फोनकडे बघत बसलेली असे.